यंत्राला विसर पडतो तेव्हा



दर आठवड्याला या पानावर आपली गाठ पडते ती दोन घटका गप्पा मारायला. दिवाळी अंकाचे निमित्त साधून संपादकांनी यंदा मला नेहमीपेक्षा बरीच जास्त जागा देऊ केली आहे. फराळाच्या ताटाशेजारी ठेवून वाचता येईल असे काहीतरी खुसखुशीत लिहा, अशी त्यांची सूचना. आता चकली खुसखुशीत होणे जसे भाजणीवर अवलंबून असते, तसे लेखाचेही असते. माझी यंदाची भाजणी जरा करपलेली आहे. कारण मी आज एक कबुलीजबाब देणार आहे. प्रकरण २०१९ सालचे. इतकी वर्षे ते लिहिले नाही याचे कारण एकच, लाज वाटत होती.

आमच्या गावच्या शाळेला त्या वर्षी शंभर वर्षे झाली. शाळा १९१९ सालची. शताब्दी म्हटली की समिती आली, समिती म्हटली की स्मरणिका आली, आणि स्मरणिका म्हटली की ज्याला दुसरे काही काम नाही असा एक सेवानिवृत्त गणित शिक्षक चिटणीस म्हणून लागतो. तो मी. स्मरणिकेत पहिल्या दिवसापासूनच्या सगळ्या विद्यार्थ्यांची यादी छापायची, असे ठरले. नाव, जन्मतारीख, शाळेत आल्याचे वर्ष, शाळा सोडल्याचे वर्ष. जुनी जनरल रजिस्टरे फडक्यात बांधून कपाटात होती. कागद इतके जीर्ण, की पान उलटताना श्वास रोखून धरावा लागे.

ही यादी संगणकावर उतरवण्याचे काम आम्ही आमच्याच एका माजी विद्यार्थिनीला दिले. खालच्या आळीत राहणारी, घरी आई आजारी, शिवणकाम आणि टंकलेखन यांवर घर चालवणारी मुलगी. पानाला अमुक पैसे असा ठराव झाला. शाळेच्या कचेरीत कोणीतरी देणगी म्हणून दिलेला एक जुना संगणक होता. त्यावर ती जूनपासून रोज दुपारी येऊन बसे. संध्याकाळी उठताना त्या दिवसाची पाने छापून घेई, मूळ रजिस्टराशी ताडून पाही, तारीख घालून सही करी आणि नाडीने बांधून ठेवी. पडताळा घेतल्याशिवाय उत्तराखाली दुहेरी रेघ मारायची नाही, ही सवय तिला आठवीच्या वर्गात कोणी लावली होती, हे मी सांगायला नको.

आणि मग तो संगणक पडू लागला.

पडू लागला म्हणजे टेबलावरून नव्हे. चालता चालता एकदम निळा पडदा येई, त्यावर रडव्या चेहऱ्याचे एक चिन्ह, खाली इंग्रजीत काहीतरी बोधवाक्य, आणि यंत्र पुन्हा पहिल्यापासून सुरू. आठवड्यातून एकदा होई ते दिवसातून दोनदा होऊ लागले. हा निळा पडदा मायक्रोसॉफ्टने २०२५ साली काळा केला, पण त्या वेळी तो निळाच होता, आणि आमच्या गावात त्याची कीर्ती दूरवर पसरली होती.

गावात आजारी माणूस आणि बिघडलेले यंत्र यांना वैद्य कधी कमी पडत नाहीत. एक म्हणाला, विषाणू शिरला आहे. विषाणू मारणारे औषध विकत आणले. विषाणू सापडला नाही. दुसरा म्हणाला, विंडोजच खराब झाली आहे, नवी घाला. घातली. पहिल्या खेपेला घालता घालताच मध्येच अडली, अमुक फाईल बिघडलेली आहे म्हणून. दुसऱ्या खेपेला गेली. आठ दिवस बरे गेले, नवव्या दिवशी पुन्हा निळा पडदा. तिसऱ्याने विजेच्या चढउताराला दोष दिला, म्हणून बॅटरीचा डबा आणला. खंडेनवमीला कचेरीतल्या शिपायाने यंत्राला हळदकुंकू वाहून झेंडूची माळ घातली. एवढ्या सगळ्या उपायांत फुकटचा आणि निरुपद्रवी असा तोच एक.

ऑक्टोबरात छापखान्यातून मुद्रिते आली. त्यातली काही पाने आम्ही गावात फिरवली, आणि दुसऱ्याच दिवशी एक गृहस्थ मला भेटायला आले. म्हणाले, "गुरुजी, आमच्या वडिलांना तुम्ही जन्माच्या आधी नऊ वर्षं चौथी पास केलंत की!" पाहतो तो खरेच. जन्म १९४१, चौथी उत्तीर्ण १९३२. रजिस्टरात जन्म १९२१ होता. मग आम्ही बसून शोधाशोध केली. एका नामदेवाचा पामदेव झाला होता. एका कमळाबाईची गमळाबाई झाली होती. रखमाची लखमा, बाबूचा बामू. अशा अकरा चुका सापडल्या.

समितीची बैठक भरली. अध्यक्ष आमचे अण्णा, शीघ्रकोपी माणूस. त्यांनी मुद्रिते टेबलावर आपटली. ती मुलगी नाडीने बांधलेले गठ्ठे घेऊन आली होती. म्हणाली, "माझे कागद बघा. छापले त्या दिवशी सगळं बरोबर होतं." आम्ही पाहिले. तिच्या सहीच्या कागदावर नामदेव नामदेवच होता. अण्णा म्हणाले, "याचा अर्थ नंतर तूच फाईल उघडून काहीतरी गोंधळ केलास. यंत्र काय आपल्या मनानं अक्षर बदलतं?" या प्रश्नावर सगळ्यांनी माना डोलावल्या. यंत्र चूक करत नाही, माणूस करतो. हे आपल्या काळातले सर्वमान्य सुभाषितच आहे. तिचे काम थांबवावे आणि निम्मे पैसे राखून ठेवावेत, असे पत्र तयार झाले. चिटणीस म्हणून त्यावर सही माझी.

मी सही केली, वाचकहो. जिला मी पडताळा शिकवला, तिने घेतलेला पडताळा समोर असताना केली.

धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी माझा भाचा पुण्याहून सुटीला आला. संगणकाच्याच धंद्यात आहे. मी त्याला सहज सगळी कथा सांगितली. तो ऐकत होता, चिवडा खात होता. खायचे थांबवून म्हणाला, "मामा, निळ्या पडद्यावर दर वेळी एकच कारण लिहिलेलं असायचं की वेगवेगळं?"

मी म्हटले, "अरे, ते इंग्रजी वाचायला वेळ कुणाला?"

शाळा सुटीसाठी बंद झाली होती. किल्ली माझ्याकडे होती. आम्ही तो डबा उचलून घरी आणला आणि माजघरात मांडला. आमच्या सौभाग्यवतींनी तिथे करंज्या वाळत घातल्या होत्या. त्या हलवाव्या लागल्याचे दुःख त्यांनी योग्य शब्दांत व्यक्त केले. विंडोज आपल्या प्रत्येक कोसळण्याची नोंद ठेवते, हे मला त्या दिवशी कळले. भाच्याने गेल्या महिन्याभराच्या नोंदी काढल्या आणि मला वहीत उतरवून घ्यायला लावल्या. एकदा मेमरी मॅनेजमेंट, एकदा पेज फॉल्ट, एकदा पडद्यावर चित्रे काढणाऱ्या भागाची चूक, एकदा नेटवर्कवाल्याची. दर वेळी आरोपी निराळा.

"हीच पहिली खूण," तो म्हणाला. "एखादा प्रोग्राम बिघडलेला असला तर तो बहुधा त्याच ठिकाणी, त्याच कारणानं पडतो. रोज नवा आरोपी उभा राहत असेल, तर आरोपी सोडा आणि ते सगळे ज्या जमिनीवर उभे आहेत ती तपासा."

ती जमीन म्हणजे मेमरी. इथे थोडे गणिताच्या मास्तरासारखे सांगतो, कंटाळू नका. संगणकाला दोन प्रकारची आठवण असते. एक दप्तर, एक पाटी. दप्तर म्हणजे डिस्क. वीज गेली तरी त्यातले राहते. पाटी म्हणजे रॅम. जे काम या क्षणी चालू आहे ते दप्तरातून काढून पाटीवर मांडायचे, तिथे बेरजा-वजाबाक्या करायच्या आणि उत्तर पुन्हा दप्तरात ठेवायचे. वीज गेली की पाटी कोरी. आमच्या यंत्रात चार-चार गिगाबाइटच्या दोन पट्ट्या होत्या. एका पट्टीत सुमारे ३,४३६ कोटी घरे. प्रत्येक घरात शून्य किंवा एक, एवढेच.

हे घर म्हणजे काय, तर विजेचा एवढासा साठा धरणारे एक इवलेसे भांडे आणि त्याला एक झडप. ही युक्ती आयबीएममधल्या रॉबर्ट डेनार्ड यांची. तिचे पेटंट १९६८ सालचे. भांडे भरलेले असेल तर एक, रिकामे असेल तर शून्य. पण मौज अशी, की ही सगळीच भांडी गळकी असतात. म्हणून प्रत्येक भांडे साधारण ६४ मिलिसेकंदांच्या आत एकदा वाचून पुन्हा होते तसे भरावे लागते. म्हणजे सेकंदाला सुमारे पंधरा फेऱ्या, रात्रंदिवस. पाणपोईवर गळक्या माठांची रांग असावी आणि एक गडी त्यांच्यात पाणी ओतत अखंड धावत असावा, तसा प्रकार. आता त्यातले एखादेच भांडे जरा जास्त गळत असेल, किंवा एखाद्यात शेजारचे पाणी पाझरत असेल, तर गडी तिथवर पोचण्याआधीच तिथली खूण बदललेली असते. उकाड्यात गळती वाढते. आमचा संगणक दुपारीच का पडे, आणि ऑक्टोबरच्या उन्हात जास्त का पडे, याचा थोडासा उलगडा मला तिथेच झाला.

आणि कारण दर वेळी निराळे का? कारण दर खेपेला त्या फुटक्या घरात राहायला येणारा भाडेकरू निराळा. कधी तिथे चित्र काढणाऱ्याचा पत्ता येई, कधी नेटवर्कवाल्याचा हिशेब, कधी खुद्द विंडोजची खतावणी. विंडोज आपले स्वतःचे तक्तेही याच पाटीवर मांडते. त्या तक्त्यात न जुळणारी गोष्ट दिसली, की ती मुद्दाम थांबते. चुकीचा हिशेब पुढे दप्तरात उतरू नये म्हणून. म्हणजे ज्या निळ्या पडद्याला आम्ही चार महिने शिव्या घातल्या, तो यंत्राचा प्रामाणिकपणा होता. आपल्याला हिशेब लागत नाही, असे तो कबूल करीत होता. खरा धोका जेव्हा पडदा येत नसे तेव्हाचा. फुटक्या घरात विंडोजचा तक्ता न येता कमळाबाई येई. कोणीच ओरडत नसे. कमळाबाईची गमळाबाई होई आणि फाईल जतन केली की निमूटपणे दप्तरात जाऊन बसे.

पण हे सगळे झाले अनुमान. अनुमानावर मी एकदा सही केली होती. आता पुरावा हवा होता.

विंडोजमध्ये मेमरी तपासण्याचे एक साधन २००७ सालच्या व्हिस्टापासून घरचेच आहे. शोधण्याच्या चौकटीत 'मेमरी डायग्नोस्टिक' असे लिहिले की सापडते. यंत्र पुन्हा सुरू होते, दोन फेऱ्या तपासते आणि निकाल सांगते. आम्ही चालवले. निकाल आला, दोष नाही. माझा चेहरा पडला. भाचा म्हणाला, "मामा, या तपासणीत एक नियम लक्षात ठेवा. चूक सापडली तर पट्टी दोषी, यात फारसा वाद नाही. चूक सापडली नाही तर निर्दोष असं मात्र ठरत नाही. फार तर अजून सापडली नाही, एवढंच."

मग त्याने 'मेमटेस्ट ८६ प्लस' नावाचा एक इवलासा प्रोग्राम पेनड्राइव्हवर घातला. मूळ मेमटेस्ट १९९४ साली ख्रिस ब्रेडी यांनी लिहिला. ही प्लसवाली शाखा २००४ सालची. दोन्ही आजही फुकट मिळतात. याची खुबी अशी की तो विंडोजच्या आत चालत नाही, विंडोजशिवायच चालतो. घरात माणसे असताना जमीन उकरता येत नाही, म्हणून आधी घर रिकामे करायचे. मग तो प्रत्येक घरात शून्य लिहितो आणि वाचून पाहतो. एक लिहितो, वाचून पाहतो. उलटसुलट नक्षी काढतो, पुढून जातो, मागून येतो. शेजारच्या घरातल्या बदलाने हे घर हलते का, हेही पाहतो. एक फेरी व्हायला तासच्या तास लागतात. रात्रभर चालवायचा.

धनत्रयोदशीची ती रात्र. दाराशी पणती, माजघरात मेमटेस्ट. तोही पडदा निळाच बरे का! पहिली फेरी स्वच्छ गेली. साडेअकराला मी भाच्याला म्हटले, "झोपू या आता." दुसऱ्या फेरीत, बाराच्या सुमारास, पडद्यावर एक तांबडी ओळ उमटली. मग दुसरी. जागेचा पत्ता एकच. काय लिहिले होते, काय वाचले, आणि कोणते बिट चुकले. शेवटच्या रकान्यात दर वेळी तोच आकडा. सात शून्ये आणि दोन.

"दोन म्हणजे काय?" मी विचारले.

"म्हणजे एकं, दोनं, चारं, आठं अशी जी बिटांची घरं असतात, त्यातलं दोनचं घर. तिथं शून्य लिहिलं तरी अधूनमधून एक वाचला जातो. म्हणजे तिथल्या संख्येत दोन मिळवले जातात."

मी उठून बसलो. म्हटले, "प्रत्येक मराठी अक्षराला यंत्रात काही नंबर असतो का रे?"

असतो. युनिकोड नावाची जगभर मान्य असलेली एक यादी आहे, तीत प्रत्येक अक्षराचा क्रमांक ठरलेला आहे. भाच्याने ती त्याच्या मोबाइलवर काढून दिली. मी वही ओढली आणि चष्मा शोधू लागलो. तो कपाळावर होता. यंत्राच्या विस्मरणाबद्दल बोलण्याचा अधिकार मला कितपत आहे, हे सौभाग्यवतींनी झोपेतूनच विचारले. असो. मी अकरा चुका एकाखाली एक लिहिल्या. क चा क्रमांक २३२५, ग चा २३२७. फरक दोन. न २३४४, प २३४६. फरक दोन. ब २३४८, म २३५०. र २३५२, ल २३५४. आणि १९२१ मधला तो दोनाचा आकडा? त्याचा क्रमांक २४०८, आणि चाराच्या आकड्याचा २४१०. अकराच्या अकरा चुकांत फरक दोन. कमी नाही, जास्त नाही. आणि दर वेळी वाढलेलाच; घटलेला एकदाही नाही.

चाळीस वर्षे गणित शिकवले, पण वजाबाकी करताना डोळे भरून आल्याचा तो एकच प्रसंग. कोणत्याही माणसाचे बोट घसरून अशा चुका होत नाहीत. बोट घसरले तर शेजारच्या कळीवर जाईल, कधी अक्षर गळेल, कधी दोनदा उमटेल. अकरा वेळा नेमके दोनाने पुढे जाणार नाही. ती मुलगी खरे बोलत होती. तिने बरोबर टंकले, बरोबर छापले. पुढे कधीतरी नवे नाव घालायला फाईल उघडली की पूर्वीचे एखादे नाव त्या फुटक्या घरात जाई, बिघडे, आणि जतन होई. रोजचे नव्हे, चार-सहा दिवसांतून एखादे.

सकाळी आम्ही पट्ट्या वेगळ्या केल्या. तुमच्यापैकी कोणावर ही वेळ आली तर क्रम सांगून ठेवतो. यंत्र बंद करून तार भिंतीतून काढा. सुरू करायचे बटण दोन-चार सेकंद दाबून ठेवा, म्हणजे आत उरलेली वीज जाते. डब्याच्या उघड्या धातूला हात लावा, म्हणजे आपल्या अंगावरची स्थिर वीज पट्टीत उतरत नाही. दोन्ही बाजूंच्या चिमट्या उघडल्या की पट्टी वर येते, कडेने धरायची. कधी कधी दोष नुसत्या बैठकीचा असतो, सोनेरी दातांवर मळ बसलेला असतो. तो खोडरबराने हलक्या हाताने पुसून, चुरा झटकून, पट्टी नीट दाबून बसवली की काम भागते. आमचे भागले नाही. मग एकच पट्टी एका खाचेत घालून तपासणी. ती स्वच्छ, सात तास स्वच्छ. मग ती काढून त्याच खाचेत दुसरी. तासाभरात तांबडी ओळ. मग हीच दुसरी पट्टी शेजारच्या खाचेत घातली, कारण दोष पट्टीचा की खाचेचा हे ठरायला हवे. तिथेही तीच तांबडी ओळ. म्हणजे खाच निर्दोष, पट्टी दोषी. ज्यांनी हौसेने मेमरीचा वेग वाढवून ठेवला असेल त्यांनी तो आधी मूळ पदावर आणून मगच निकाल द्यावा. आणि नवी पट्टी आणली तरी तिचीही रात्रभर परीक्षा घ्यावी. नवी म्हणजे चांगली, असे गृहीत धरू नये.

भाच्याने मला त्या दिवशी आणखी पुष्कळ सांगितले. १९७८ साली इंटेलच्या शास्त्रज्ञांना आढळले, की मेमरीच्या वेष्टनात किरणोत्सर्गी द्रव्याचा लवलेश असला तर त्यातून निघणारे अल्फा कण ही इवली भांडी लवंडून टाकतात. ती झाली एकदाची, पुन्हा न घडणारी चूक. पण २००९ साली गूगलच्या यंत्रांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. बियान्का श्रोडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा. त्यात दिसले, की वर्षभरात आठ टक्क्यांहून जास्त पट्ट्यांत निदान एक तरी चूक होते, आणि त्यात अशा उडत्या चुकांपेक्षा खुद्द पट्टीच्याच दोषाचा वाटा मोठा दिसतो. २०११ साली मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी घरगुती वापराच्या सुमारे दहा लाख संगणकांची पाहणी प्रसिद्ध केली. तिचा इत्यर्थ असा, की मेमरीमुळे एकदा पडलेले यंत्र पुन्हा तसेच पडण्याचा संभव कितीतरी पटींनी वाढलेला असतो. म्हणून एकदा पडले तर सोडून द्यावे, पण दुसऱ्यांदा पडले तर मेमरी तपासावी, विंडोजला दोष देत बसू नये.

यावर उपाय नाही असेही नाही. अमेरिकेत बेल प्रयोगशाळेत रिचर्ड हॅमिंग नावाचे गणिती होते. शनिवार-रविवारी ते यंत्रावर काम लावून घरी जात. यंत्राला चूक कळे, पण दुरुस्त करता येत नसे, म्हणून ते ते काम टाकून पुढचे घेई. लागोपाठ दोन सोमवारी त्यांना आपले काम झालेले आढळले नाही. वैतागून त्यांनी विचार केला, की चूक आहे एवढे ज्याला कळते, त्याला ती कुठे आहे हे का कळू नये? त्यातून १९५० साली त्यांचा चूक सुधारणाऱ्या संकेतांवरचा निबंध आला. आज बँकांच्या आणि रुग्णालयांच्या मोठ्या यंत्रांत वापरतात ती मेमरी त्याच कल्पनेवर चालते. चौसष्ट बिटांमागे आठ बिटे साक्षीदार म्हणून जास्त. एक बिट चुकले तर आपोआप दुरुस्त, दोन चुकली तर निदान ओरड. घरगुती यंत्रांत मात्र सहसा ही सोय नसते. तिथे साक्षीदार आपणच ठेवायचे. जुनी प्रत, छापलेला कागद, मूळ रजिस्टर.

आमच्याकडे साक्षीदार होता. नाडीने बांधलेला, तारीखवार, सहीचा. आम्ही त्याला बोलूच दिले नव्हते.

पाडव्याला व्यापारी नवी वही घालतात. मी त्या दिवशी जुनी चुकती करायला निघालो. खालच्या आळीत तिच्या दारात छोटीशी रांगोळी होती. ती शिवणयंत्रावर बसली होती. मी वही उघडून सगळे दाखवले. क आणि ग, न आणि प, दोन आणि चार. तिने ती वजाबाकी स्वतः एकदा करून पाहिली. मग राहिलेल्या पैशांचे पाकीट मी पुढे केले. तिने ते घेतले, माझ्यासमोर मोजले आणि बाजूला ठेवले.

मी म्हटले, "चुकलो मी. क्षमा कर."

ती म्हणाली, "गुरुजी, माझ्या नावाचं पत्र लेखी होतं. हेही लेखी द्या. आणि त्याच वहीत लिहा."

मला क्षणभर वाटले होते, की ती म्हणेल, असू द्या गुरुजी, होते असे. म्हातारपणी माणसाला क्षमा फुकट मिळण्याची सवय लागते. तिने ती दिली नाही, आणि ते योग्यच केले. आळीत जे पसरले होते ते माझ्या तोंडी शब्दाने पुसले जाणार नव्हते. दुसऱ्या कामावरून तिला कोणी विचारले असते, तर समितीच्या इतिवृत्तातली ओळच पुढे आली असती. कागदावरची नोंद कागदावरच दुरुस्त करावी लागते.

दिवाळीनंतर बैठक बोलावली. अण्णा प्रथम कुरकुरले. मग मी फळ्यावर अकरा वजाबाक्या मांडल्या. अण्णांनी पाचवीनंतर हात वर केला आणि म्हणाले, "पुरे. लिहा." ठराव लिहिला गेला. टंकलेखनातील चुका यंत्रातील सदोष मेमरीमुळे झाल्या, संबंधित व्यक्तीचा त्यात काही दोष नव्हता, समिती दिलगीर आहे. खाली पहिली सही अण्णांची, दुसरी माझी. त्याची नक्कल मी तिला नेऊन दिली.

नवी पट्टी घातल्यावरही काम संपले नव्हते. सदोष मेमरी असताना जे जे जतन झाले ते सगळेच संशयित. म्हणून तिने आपले सगळे गठ्ठे पुन्हा सोडले आणि चार हजारांवर नावे ओळीने ताडली. आणखी सहा चुका निघाल्या. मी तेव्हा वही घेऊन शेजारी बसलो होतो. सहाही ठिकाणी फरक दोनच. त्यानंतर त्या यंत्रावर निळा पडदा आला नाही. स्मरणिका वेळेवर निघाली. संकलक म्हणून तिचे नाव आहे आणि ज्या गृहस्थांच्या वडिलांना आम्ही जन्माआधी पास केले होते, त्यांनी स्वतः येऊन दहा प्रती नेल्या.

ती सदोष पट्टी मी परत केली नाही. माझ्या टेबलावर दौतीशेजारी आहे. बोटभर लांब, हिरवी, दिसायला अगदी निरोगी. ३,४३६ कोटी घरांतले एक घर वाईट. कोणाबद्दल चटकन मत द्यायची वेळ आली, की मी तिच्याकडे एकदा पाहून घेतो. मग आधी पडताळा मागतो.

आपणां सर्वांना ही दिवाळी सुखाची जावो. फराळ बेताने करा, आणि महत्त्वाच्या गोष्टींची एक प्रत कागदावर ठेवा.